नॉर्मलला नाव नसतं

दर गुरुवारी साडेदहा वाजता रक्तविकार विभागातल्या त्या अरुंद खोलीत पाच जण एकाच मायक्रोस्कोपला डोळे लावून बसत. यंत्र एकच, पण त्याला चहूबाजूंनी नळ्या फुटलेल्या. एकाने पाहिलेलं पाचही जणांना दिसे. स्लाइड हलवण्याचा अधिकार मात्र एकट्या विभागप्रमुख बाईंचा. "इंजिन मॅडमचं, आपण नुसते डबे," असं शिकाऊ डॉक्टर म्हणत. ते बाईंच्या कानावर गेलं होतं आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडलंही होतं.

या वर्गाचे नियम दोनच. फोन दाराजवळच्या स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवायचे, आणि माहीत नसेल तर सरळ माहीत नाही म्हणायचं. तिसरा होता तो रिवाज. दहा आजारी स्लाइड्सच्या मध्ये बाई एक निरोगी माणसाची सरकवत. शिकाऊ डॉक्टरला रोग शोधण्याची अशी काही खोड लागलेली असते की धडधाकट रक्तातही तो काहीतरी उकरून काढतो. ती खोड मोडण्यासाठी हा सापळा. "रोगाला रोग कुणीही म्हणेल," बाई म्हणायच्या, "निरोगी माणसाला निरोगी म्हणायला छाती लागते."

ही निरोगी स्लाइड येई मामांकडून. मामा म्हणजे प्रयोगशाळेतले सर्वांत जुने तंत्रज्ञ. शिपायापासून अधिष्ठात्यांपर्यंत सगळ्यांचे मामा. स्लाइडवर रंग नीट चढतो की नाही हे पाहण्यासाठी रोज सकाळी विभागातल्याच कुणाचं तरी चमचाभर रक्त घेऊन ते एक स्लाइड रंगवत. तिच्यावर तारीख आणि 'नॉ' एवढंच अक्षर. नाव नाही. हा नियम बाईंचा. काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी एका शिकाऊ मुलीचं हिमोग्लोबिन सात निघालं होतं आणि संध्याकाळपर्यंत ही बातमी वसतिगृहाच्या स्वयंपाक्याला पोहोचली होती. पुढे आठवडाभर जो तो तिच्या ताटात जास्तीचं वाढून जाई, आणि ती मान खाली घालून रडे. तेव्हा बाईंनी सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं, "यापुढे नॉर्मलला नाव नसतं. कुणाचं रक्त ते मामांनाही लक्षात राहता कामा नये."

त्या गुरुवारी रंगाची नवी बाटली फोडली होती. नवी बाटली म्हणजे तिघांच्या रक्तावर पडताळणी, हाही बाईंचाच दंडक. सकाळी आठला मामांनी स्वतःचं रक्त घेतलं, बाईंचं घेतलं, आणि सगळ्यांआधी येऊन बसणाऱ्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीचं घेतलं. भल्या पहाटे येऊन खिडकीशी टिपणं काढत बसते म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. तीन नळ्या, तीन स्लाइड्स, तिन्हींवर 'नॉ'. बाईंनी त्यातली वरची उचलली आणि न बघता वर्गाच्या पेटीत घातली. नॉर्मल स्लाइड आधी कशाला बघायची?

सातव्या क्रमांकाला त्यांनी ती यंत्राखाली सरकवली.

"बोला. हे काय?"

ज्याला सगळे वकील म्हणत तो मुलगा खाकरला. "नॉर्मल, मॅडम."

"बघून सांगतोस की माझ्या आवाजावरून?"

"परिस्थितीजन्य पुरावा, मॅडम. सहा झाल्या, अजून सापळा आलेला नाही."

हशा पिकला. बाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांनी स्लाइड किंचित डावीकडे नेली.

हसू ओठांवर होतं तसंच राहिलं. लाल पेशींच्या गर्दीत एक मोठी, बेढब पेशी उभी होती. तिच्या पोटात जांभळ्या सुया होत्या. एक नव्हे, दोन नव्हे, सरपणाची मोळी बांधावी तशी जुडीच. बाईंनी स्लाइड पुढे नेली. आणखी एक. पुढे आणखी दोन. आणि प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणारे ते बारीक ठिपके, जिथे मूठमूठ असायला हवेत तिथे शोधून एखादा.

"मॅडम, मी उलटतपासणी मागतो," वकिलाचा आवाज आता वेगळा होता. "हा प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया आहे. मोळ्या दिसताहेत."

बाईंनी स्लाइड आणखी एकदा पुढे नेली. तेव्हा चिमणीने नळीवरून डोळे काढले. "पेशंट कुठाय, मॅडम? त्याचं औषध सुरू झालं ना?"

हा प्रश्न बाईंनीच त्यांना शिकवला होता. रक्ताच्या बाकीच्या कर्करोगांत अहवालाची वाट पाहता येते, यात नाही. यात रक्त गोठायचंच विसरतं. सकाळी हसत बोलणारा माणूस संध्याकाळी मेंदूत रक्तस्राव होऊन जातो. आणि वेळेत गोळ्या सुरू झाल्या, तर तोच माणूस खडखडीत बरा होऊन वीस वर्षांनी लग्नाचं निमंत्रण घेऊन येतो. मधे अंतर असतं ते काही तासांचं.

"वॉर्डात आहे," बाई म्हणाल्या. "झालंय सुरू."

तीस वर्षांच्या नोकरीत वर्गात बोललेलं हे त्यांचं पहिलं खोटं असावं. उरलेल्या स्लाइड्स त्यांनी कशा दाखवल्या ते त्यांनाच ठाऊक. वर्ग उठला तेव्हा चिमणी जवळ येऊन काहीतरी विचारत होती, पावणेबाराला जाऊ का, तासाभरात येते, असं काहीसं. बाईंनी मान हलवली. त्यांचं सगळं ध्यान त्या काचेच्या तुकड्यावर होतं.

खोली रिकामी झाल्यावर त्यांनी मामांना बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"मामा, आज कुणा पेशंटची स्लाइड नॉर्मलच्या ट्रेमध्ये गेली का?"

"माझ्या हातून? छे हो, मॅडम. पेशंटचं काम मी दहानंतर हातात घेतो. तेव्हा तुमच्या तिन्ही वाळून तयार होत्या."

बाईंनी तरी सकाळची यादी मागवली. हा आजार असलेला किंवा त्याची शंका असलेला एकही रुग्ण त्या दिवशी रुग्णालयात नव्हता. उरलेल्या दोन 'नॉ' स्लाइड्स त्यांनी पाहिल्या. दोन्ही आरशासारख्या स्वच्छ.

"नळ्या?"

"रिकाम्या करून टाकल्या. कचऱ्याची पिशवी साडेनऊला गेली." मामांनी आळीपाळीने मायक्रोस्कोपकडे आणि बाईंकडे पाहिलं. हजारो स्लाइड्स रंगवलेल्या माणसाला फोड करून सांगावं लागत नाही. ते स्टुलावर बसले. "तिघांपैकी एकाची."

"हो."

"माझ्या वयात होतो का हो हा?"

"कुठल्याही वयात होतो, मामा."

मामांनी क्षणभर हातांकडे पाहिलं. मग बाही वर केली. "मग माझं घ्या आधी. नातवाला शाळेतून आणायचं असतं मला दोनला. नाही जमणार असेल तर आत्ताच घरी कळवलेलं बरं."

बाईंनी स्वतः त्यांचं रक्त घेतलं. मोजणीचं यंत्र एक मिनिट घेतं. ते मिनिट दोघंही यंत्राच्या काळ्या पडद्याकडे पाहत उभे राहिले. प्लेटलेट्स दोन लाख चाळीस हजार. मामांनी भिंतीला टेकून डोळे मिटले, पुसले, आणि उघडले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण सुटलो म्हणजे काय झालं.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "आता तुमचं घेऊ?"

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. बाराला दहा मिनिटं कमी होती. "पाचच मिनिटं थांबा. एक फोन करायचाय."

केबिनमध्ये जाऊन त्यांनी कडी लावली.

फोन कुणाला करायचा नव्हता. डाव्या नडगीवर चार दिवसांपूर्वी उमटलेला काळानिळा डाग त्यांना पाहायचा होता. सकाळपर्यंत तो नुसता डाग होता. आता त्या खुर्चीत वाकून, दिव्याखाली पाय धरून, अनोळखी रुग्णाची नडगी पाहावी तशा त्या पाहू लागल्या. आईच्या खाटेला पाय लागला होता की नव्हता? परवा दात घासताना चूळ गुलाबी आली होती, की पेस्टचाच रंग तसा? गेला महिनाभर संध्याकाळी थकवा येतो, वयाचा, की?... हजारो माणसं याच केबिनमध्ये त्यांच्यासमोर बसून अशीच आठवण खोदत असत, "नाही हो डॉक्टर, आपटलं असेल कुठेतरी," असं म्हणत, आणि बाई मनात म्हणत, माणूस स्वतःशी किती खोटं बोलतो.

त्यांनी घरी फोन लावला. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता. दिवसातून चार वेळा थेंब घालायचे होते.

"दुपारचे थेंब घातले का, आई?"

"अजून बारा वाजायचेत. तू डॉक्टर असून रोज हेच विचारतेस, मी पेशंट असून कधी तुला त्रास देते का?"

"आई, परवा मी तुझ्या खाटेला अडखळले ना? जोरात लागलं होतं."

"कधी? मला नाही बाई आवाज आला. का गं? आवाज असा का येतोय तुझा?"

"सर्दी झालीय," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

भीती माणसाचे कान बंद करते हे त्या दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत: रुग्ण ऐकत नाही असं समजू नका, त्याला ऐकूच येत नसतं. आज बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेली, आणि ती दारावरून गेली हे त्यांना खूप वेळाने कळलं.

सुई टोचली नाही तोवर आपण आजारी नाही. हा विचार किती पोरकट आहे हे कळत होतं, आणि तरी त्या त्याच विचाराला धरून बसल्या होत्या. मग दुसरा विचार आला, पहिल्याहून वाईट. आधी मुलीला बोलवावं. तिचं रक्त घ्यावं. तिचं निघालं तर मला टोचून घ्यायची गरजच नाही. आणि त्यामागून, अगदी सभ्य कपडे घालून, तिसरा आला: तिचं वय सव्वीस. तरुण शरीर हे औषध झेलतं. सत्तावन्नाव्या वर्षी हृदय, मूत्रपिंडं, सगळ्यांचं बघावं लागतं. शास्त्रीयदृष्ट्या पाहिलं तर... बाईंनी तो विचार तिथेच धरला आणि त्याच्या तोंडाकडे पाहिलं. आपण एका मुलीला रोग देऊ करत होतो. तोही आकडेवारी लावून.

त्या तशाच बसून राहिल्या. उठायला हवं होतं. दार चार पावलांवर होतं. दारामागे मामा सुई घेऊन उभे होते.

दारावर थाप पडली. "मॅडम? सव्वाबारा झाले. पोरीला शोधून आणू का? फोन तर तिचा इथेच ट्रेमध्ये वाजतोय."

बाईंनी कडी काढली. "कुठे गेलीय ती?"

"असं काय करता? तुमच्यासमोरच तर विचारून गेली. दंतविभागात. अक्कलदाढ काढायला."

क्षणभर बाईंना तो शब्द कळलाच नाही. मग एकदम कळला. दाढ उपटली की हिरडीत खड्डा पडतो. निरोगी माणसाचं रक्त दहा मिनिटांत त्याचं बूच करतं. ज्याचं रक्त बूच करायचंच विसरलं आहे, त्याचा तो खड्डा म्हणजे उघडा नळ.

"तिकडे फोन लावा."

"दोनदा लावला. जेवणाची वेळ, कोण उचलतंय?"

"मामा, रक्तपेढीला सांगा. प्लेटलेट्स आणि गोठवणारे घटक, जे असेल ते बाहेर काढा म्हणावं. माझ्या नावावर."

"कुणासाठी सांगू?"

बाई दाराबाहेर पडल्या होत्या. "अजून माहीत नाही!"

दंतविभाग पटांगणापलीकडच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. विभागप्रमुखाला पळताना त्या पटांगणाने कधी पाहिलं नव्हतं. बाकांवर डबे उघडून बसलेले नातेवाईक मान वळवून बघत राहिले. जिन्यात बाईंना धाप लागली आणि त्या कठड्याला धरून थांबल्या. ही धाप वयाची की रक्ताची, हा प्रश्न पुन्हा डोकं वर काढू लागला तसा त्यांनी तो खाली दाबला आणि वर चढल्या.

तिसऱ्या खुर्चीत चिमणी होती. ताठ बसलेली, हनुवटीखाली निळा रुमाल, हातात स्टीलचं भांडं. दातांचे डॉक्टर, बाईंच्याच तुकडीतले जुने स्नेही, तिच्या गालावर बाहेरून मूठ दाबून उभे होते.

"अरे वा, खुद्द विभागप्रमुख!" ते म्हणाले, पण त्यांच्या आवाजात थट्टेला लागणारा दम नव्हता. "बरं झालं आलीस. दाढ अगदी लोण्यातून सुरी काढावी तशी आली. पण वीस मिनिटं झाली गं, ही थांबतच नाहीये. चौथा बोळा बदलला."

बाईंनी भांड्यात पाहिलं. पातळ, चकचकीत, लालभडक. एकही गाठ नाही.

माझं नाही.

छातीतून श्वास सुटला, मोकळा, थंड, जवळजवळ सुखाचा. आणि तो सुटत असतानाच बाईंची आणि त्या मुलीची नजरानजर झाली. चिमणीने ते पाहिलं की नाही, हे बाईंना कधीच कळणार नव्हतं. पण तिने भांड्याकडे पाहिलं होतं, बाईंच्या धावत येण्याकडे पाहिलं होतं, सकाळी आपल्याच दंडातून रक्त दिलं होतं, आणि ती हुशार विद्यार्थिनी होती. तिचे डोळे हळूहळू मोठे होत गेले. तोंडात बोळा असल्यामुळे तिने फक्त एक बोट उचललं आणि स्वतःच्या छातीवर टेकवलं.

बाईंनी मान हलवली. हो.

पुढचं सगळं भराभर झालं. ट्रॉली आली, वकील आला, त्याने बघितलं कोण आहे आणि स्वतःच ट्रॉली ढकलायला लागला. रक्ताच्या मोजणीत प्लेटलेट्स अकरा हजार. पिशव्या चढल्या. एकच्या सुमाराला चिमणी वॉर्डातल्या खिडकीजवळच्या पलंगावर होती, आणि बाईंच्या तळहातावर चार कॅप्सूल होत्या.

हे औषध तोंडानेच घ्यावं लागतं. शिरेतून देता येत नाही. आणि तोंडात तर रक्त आणि बोळा.

"ऐक," बाई पलंगाच्या कडेला बसल्या. "मी बोळा काढते, तू एक गिळायची, मी पुन्हा दाबते. असं चार वेळा. रक्त पोटात जाईल, मळमळेल, पण उलटी होऊ द्यायची नाही. जमेल?"

चिमणीने मान हलवली. पहिली गेली. दुसरी गेली. तिसरीला ठसका लागला, रक्त बाईंच्या बाहीवर उडालं, आणि दोघीही घाबरून थिजल्या. खोकताना डोक्यातली शीर फुटू शकते हे दोघींनाही ठाऊक होतं. बाईंनी तिच्या डोळ्याची बाहुली बॅटरीने तपासली. ठीक होती. तिसरी पुन्हा दिली. मग चौथी.

बोळ्यावर अंगठा दाबून धरतच बाई बोलल्या. आत्ता बोललं नाही तर पुढे त्याला हजार चांगली कारणं सापडतील, हे त्यांना माहीत होतं.

"मी बाराच्या आधीच यायला हवं होतं. यादी तपासून झाली होती, मामांचं निघालं नव्हतं. तू किंवा मी, एवढंच उरलं होतं. मी केबिनची कडी लावून बसले. पंचवीस मिनिटं. भीती वाटली म्हणून. तेवढ्यात तुझी दाढ निघाली."

चिमणी त्यांच्याकडे बघत राहिली. त्या नजरेत राग होता की नव्हता, बाईंना वाचता येईना. मग तिने पेनाची खूण केली. वकिलाने उपचारांच्या कागदाचा कोरा भाग तिच्यासमोर धरला. अक्षर वाकडंतिकडं आलं: 'आईला तुम्ही सांगा. वकील सांगेल तर ती घाबरून मरेल. आत्ता सांगा, माझ्यासमोर.' खाली तिने नंबर लिहिला, आणि जरा थांबून आणखी एक ओळ: 'खोटं नको.'

बाईंनी एका हाताने फोन लावला. दुसऱ्या हाताचा अंगठा मुलीच्या हिरडीवर होता.

"कोण बोलतंय?" पलीकडे पाण्याचा नळ चालू होता. बाईंनी हुद्दा सांगताच तो बंद झाला. "अय्या, मॅडम तुम्ही! ही सारखी तुमचंच सांगत असते. काय हो, पोरीचं काही चुकलं का?"

"नाही. तिचं काही चुकलेलं नाही. चुकलंय ते माझं, आणि ते मी तुम्हाला समोर बसून सांगेन." बाईंनी मुलीकडे पाहिलं. "ताई, आधी खाली बसा. कुणी आहे का घरात?"

"हिचे बाबा आहेत. का?"

"त्यांनाही जवळ बोलवा. मग तुम्ही दोघं लगेच इकडे निघा. ती माझ्यासमोर आहे, शुद्धीवर आहे, माझ्याकडे बघतेय. तिला रक्ताचा आजार निघालाय. बरा होणारा आहे. पण हे दोन-तीन दिवस... हे दिवस फार घातकी आहेत. मी खोटं सांगणार नाही."

पलीकडून भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "ती बोलेल का माझ्याशी?" एक अगदी लहान आवाज म्हणाला.

"बोलता येत नाहीये तिला. तोंडात बोळा आहे. पण ऐकू येतंय."

बाईंनी फोन मुलीच्या कानाशी धरला. आई काय म्हणत होती ते त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी पाहिलं ते एवढंच, की मुलीच्या डोळ्यांतून पाणी ओघळून कानाकडे जात आहे, आणि अंगठ्याखालचा पाचवा बोळा कडेने लाल होतो आहे. चौथ्याइतक्या वेगाने की त्याहून हळू, हे काही त्यांना नक्की सांगता येईना. त्यांनी अंगठा आणखी थोडा दाबला आणि मनगटावरच्या घड्याळात सेकंद मोजायला सुरुवात केली.